व्हिएनोसाठी बोटीचा तळ

इल्मोला वाटलं होतं, तळाच्या फळीचा एक कोपराच कुजला असेल. तेवढा कापायचा, नवा तुकडा बसवायचा, वरून फायबर चढवायचं, की झालं दोन दिवसांत. पण ग्राइंडरनं पहिला चौकोन कापून उचलला आणि इल्मो मटकन खाली बसला. प्लायवुड भिजलेल्या पावासारखं बोटांत येत होतं. बोट तरंगती राहावी म्हणून त्याखाली भरलेला फोम चाळीस वर्षं पाणी पिऊन दगडासारखा जड झाला होता. आणि ज्या वाशांवर सगळा तळ पेललेला, ते नुसते फायबरच्या सालीवर उभे होते. आत लाकूड औषधालाही शिल्लक नव्हतं.

गेल्या शरदातच बोटीत बायकोचा पाय एका ठिकाणी खाली खचला होता. तेव्हा तो म्हणाला होता, "वसंतात बघू." आता वसंत आला होता आणि बघायला हे होतं.

व्हिएनो, त्याची बायको, समुद्रापलीकडच्या दवाखान्यात होती. फेब्रुवारीत समुद्र गोठलेला असताना तिला बर्फावरून नेलं. मे उजाडेपर्यंत बर्फ गेला आणि डॉक्टरांनीही हात टेकले. दोन आठवडे, फार तर तीन, असं ते म्हणाले. व्हिएनोनं रडारड केली नाही. एवढंच म्हणाली, "मला घरी ने, इल्मो. आपल्या खिडकीपाशी. इथली भिंत बघत मला मरायचं नाही." इल्मो म्हणाला, "नेतो." अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला शब्द मोजकेच दिले होते, पण दिलेला मोडला नव्हता.

आता नेणार कसं? सरकारी बोट आजाऱ्याला दवाखान्यात घेऊन जाते, मरायला घरी आणून सोडत नाही. टपालाची बोट एवढी उंच, की धडधाकट माणूसही तिच्या शिडीवरून देवाचं नाव घेत उतरतो. व्हिएनोला तर बसताही येत नव्हतं. तिला निजवून आणायचं, म्हणजे आपलीच बोट हवी आणि तिचा तळ घट्ट हवा. पोरंबाळं नव्हती. हापालुओतो बेटावर त्या दिवसांत त्यांचं एक आणि औलिसचं एक, अशा दोनच घरांतून धूर निघत होता.

हा औलिस इल्मोपेक्षा वीस वर्षांनी लहान. ग्राइंडरचा आवाज ऐकून तो पहिल्याच दिवशी येऊन उभा राहिला.

"ही बोट आहे की चाळण?"

"बोटच आहे. जरा हवा खातेय."

औलिसनं आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "इल्मो, माझी बोट कालच पाण्यात उतरवलीय. व्हिएनोला मी आणतो ना."

"छे, तुला कशाला त्रास! होईल माझं."

"बघ बुवा," म्हणून औलिस गेला.

इल्मोनं नको म्हटलं ते मनापासून नव्हे. या बेटांवरची रीतच तशी आहे. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, एवढं म्हणतोयस तर" असं पुटपुटत घ्यायचं. मग तो कॉफीचा कप असो नाहीतर घराला लागलेली आग विझवायला मदत असो. पहिल्या हाकेला हो म्हणणारा अधाशी ठरतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. या लोकांनी तिला घरची मालकीण करून ठेवलंय.

पुढचे चार दिवस इल्मो खपला. फोम कुदळीनं खणून काढला, बादल्या भरभरून वाहिला. फायबरची कूस अंगभर रुतून खाज सुटली, डोळे लाल झाले. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यांवर बसून नवे वासे बसवत होता, त्यांवर नवं प्लायवुड. पाचव्या दिवशी त्यानं फायबरची मॅट अंथरून ती फळीला धरून ठेवणारं रेझिन ओतलं. हवा सहा अंशांवर होती. डब्यावर स्पष्ट लिहिलेलं, पंधराच्या खाली वापरू नये. ते त्याला ठाऊक होतं, आसपासच्या बेटांवरच्या पोरांना त्यानंच शिकवलेलं होतं. पण डब्याला काय माहीत व्हिएनोकडे किती दिवस आहेत! रेझिन लवकर सुकावं म्हणून त्यानं हार्डनर थोडं जास्त घातलं आणि देवावर हवाला ठेवला.

सकाळी तळ काकवीसारखा चिकट होता. दुसऱ्या सकाळीही तसाच.

औलिस आला. त्यानं बोट टेकवलं, ते चिकटलं. पँटला पुसत तो म्हणाला, "हे नाही सुकायचं या थंडीत. ऐक माझं. उद्या सकाळी निघू, दुपारी ती घरात असेल."

इल्मोच्या अगदी ओठांवर 'हो' आलं होतं. पण हे दुसऱ्यांदा होतं.

"नको रे. ऊन पडलं की धरेल."

औलिसनं पुन्हा एकदा तळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं." आणि गेला.

त्या संध्याकाळी व्हिएनोचा फोन आला. आवाज इतका बारीक झाला होता की इल्मोनं किटलीखालचा गॅस बंद केला.

"झाली का तुझी फळी?"

"होत आलीय."

"म्हणजे नाही झाली. औलिस नाही का फिरकला?"

"दोनदा विचारून गेला."

"मग?"

"मग काय. दोनदाच झालंय."

ती हसली, हसता हसता खोकली. "येईल, उद्यापरवा येईल. भला माणूस आहे. तेवढ्यासाठी तू धावत जाऊ नकोस, मरणाच्या दारात हावरट झाली म्हणतील मला."

"मी सांगतो तुला तो आला की."

"सांग. मी आहे इथेच, जाते कुठे?"

त्यानं सगळं चिकट रेझिन खरवडून काढलं. लाकूड ॲसिटोननं पुसलं, बोटीवर ताडपत्रीचा तंबू उभारला, आत घरातला हीटर लावला आणि पुन्हा मॅट अंथरली. हात काम करत होते, कान मात्र वाटेकडे होते. कॉफी तयार ठेवली होती, ती रोज ओतून टाकावी लागली. औलिस धक्क्यावर जाताना दिसायचा, हात वर करायचा, आणि निघून जायचा. एकदा इल्मो उठून निघालाही. औलिसचं घर काय दूर आहे, चारशे पावलं! कुंपणाच्या फाटकापर्यंत गेला, तिथे उभा राहिला. जाऊन म्हणायचं काय? 'माझ्याच्यानं होत नाही, माझी बायको तू आण'? त्याला कानशिलं तापल्यासारखी झाली आणि तो परत फिरला. न गेलेल्या त्या चारशे पावलांसाठी कुणालाही इल्मोला शिव्या घालाव्याशा वाटतील. पण त्याच्या जागी या बेटांवरचा कुठलाही म्हातारा असता तरी फाटकातूनच परतला असता.

दहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला दवाखान्यातून फोन आला. व्हिएनो सव्वादहाला गेली होती. शेवटी शेवटी कुणाशी काही बोलली नाही, झोपेतच गेली, असं ती नर्स म्हणाली. तिला वाटलं असावं, हे ऐकून इल्मोला बरं वाटेल.

इल्मो तंबूत गेला. हीटर बंद करावा एवढंच डोक्यात होतं. सवयीनं त्यानं तळावर बोटांची पेरं वाजवली. टणक, कोरडा आवाज आला. तळ धरला होता. त्यानं त्यावर पाय ठेवला, मग दुसरा ठेवला. फळी जराही लवली नाही. कसं सुरेख काम झालं होतं!

"वरातीमागून घोडं," तो म्हणाला, आणि त्या नव्या तळावर ओणवा होऊन ढसाढसा रडला.

पलीकडे तर जायलाच हवं होतं. त्याच्या बोटीला अजून इंजिन चढवायचं होतं. तो फाटक उघडून औलिसकडे गेला. औलिस आणि त्याची बायको राइली दारातच होते. चेहरा पाहून त्यांना कळलं.

"मला पलीकडे नेतोस?" इल्मोनं विचारलं.

औलिसनं मान डोलावली आणि धक्क्याकडे चालू लागला. राइली डोळे पुसत मागून आली.

औलिसनं बोटीवरचं प्लास्टिक ओढून काढलं. खाली जाड गादी अंथरलेली होती. तिच्यावर राइलीची पाहुण्यांसाठी ठेवलेली दुलई आणि इस्त्री केलेली खोळ घातलेली उशी. उशाशी वारा लागू नये म्हणून एक फळी आडवी बांधलेली.

इल्मो धक्क्यावरच थांबला. "हे कधीपासून?"

औलिस खाली बघत होता. राइलीच म्हणाली, "तो पहिल्यांदा तुला विचारून आला ना, त्याच संध्याकाळपासून. मी रोज सकाळी दव पुसायची. तू म्हणशील त्या घडीला निघता यावं म्हणून."

"मग तिसऱ्यांदा का नाही आलास?"

"कॉफीचं असतं तर आलो असतो रे," औलिस म्हणाला. "पण तू दिवसरात्र खपत होतास. मला वाटलं, तुला तिला तुझ्याच बोटीतून आणायचंय. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे तुझ्याच्यानं होत नाही असं तोंडावर म्हणणं झालं असतं."

"ती वाट बघत होती तुझी," इल्मो म्हणाला. "मीच तिला म्हटलं होतं, दोनदाच झालंय."

पाणी धक्क्याच्या खांबांवर आपटत राहिलं. मग इल्मोला बसायला जागा व्हावी म्हणून औलिस दुलई उचलायला वाकला.

"राहू दे," इल्मो घाईनं म्हणाला. "येताना लागेल तिला."

औलिसनं राइलीकडे पाहिलं. राइली पुढे झाली आणि तिनं इल्मोचा हात धरला. "इल्मो," ती म्हणाली, "ते तिला शवपेटीतून देतील."

मग इल्मो बोटीत उतरला, आणि औलिसनं एका टोकाला, त्यानं दुसऱ्या टोकाला धरून गादीची वळकटी केली आणि ती राइलीच्या हातात दिली.