लालबानूचं मागणं

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. त्या वर्षी पाणी किती चढलं होतं, हे बांगलादेशातल्या सिराजगंजची म्हातारी माणसं अजून हात वर करून दाखवतात. तिथल्या जमुना नदीतल्या वाळूच्या बेटांवरची सगळी वस्ती बांधावर येऊन राहिली होती. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला बुडालेली भातशेती आणि मधे बैलगाडी जेमतेम जाईल एवढा मातीचा पट्टा. त्यावर माणसं, बकऱ्या, कोंबड्या, चटयांचे आडोसे.

दिलआफरोज गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. शाळेत कमरेएवढं पाणी, म्हणून ती मदतीच्या होडीवर वाटपाला जाऊ लागली. प्रत्येक चुलीमागे एका बाईला पाच किलो तांदूळ, डाळ आणि गूळ. रांग बायकांचीच लावायची, हा तिचा हट्ट. पुरुष मुसंडी मारून पुढे घुसत. पदर नाकापर्यंत ओढलेल्या बायका ती साडीवरून ओळखायची आणि या नजरेचा तिला अभिमान होता. होडीवाला मोतालेब म्हणायचा, "आपा, तुमच्यासमोर माशीसुद्धा दोनदा गुळावर बसायची नाही!"

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्यापुढे एक टोपली आली. हिरवी साडी, काठाला जळाल्याचा तांबूस डाग. हीच साडी तिने सकाळी पाहिली होती.

"थांब. सकाळी घेऊन गेलीस ना तू?"

"नाही, आपा," पदराआडून आवाज आला.

"हीच साडी, हाच डाग. मला काय आंधळी समजलीस? तोंड दाखव."

समोर मोतालेब, दोन शिपाई, आणखी पाचसहा बापे. बाईने पदर घट्ट धरला.

"अगं बये," मोतालेब म्हणाला, "दुसऱ्यांदा यायचं तर साडी तरी बदलून यायचंस!"

रांग खो खो हसली. बाई रिकामी टोपली घेऊन परत गेली. दिलआफरोजला वाटलं, चला, एका उपाशी घराचा वाटा वाचवला.

दुसऱ्या दिवशी जुलाबाची साथ म्हणून ती झोपडीझोपडीत मीठ-गुळाचं पाणी कसं करायचं ते शिकवत फिरत होती. एका आडोशापुढे तीच हिरवी साडी चुलीत फुंकर घालत बसलेली.

"कालची तूच ना गं?"

बाईने पदर सारला. पन्नाशीचा सुरकुतलेला चेहरा. "सकाळी आले ती मी, मोयना. दुपारी आली ती माझी धाकटी जाऊ, लालबानू. चुली वेगळ्या आहेत आमच्या."

"मग बोलाव तिला बाहेर."

मोयनाने लहान मुलाकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं. "कशी येईल, आपा? साडी माझ्या अंगावर आहे ना. घर वाहिलं त्या दिवसापासून दोघींत एकच आहे. एकीने नेसली की दुसरी चटईमागे."

दिलआफरोजच्या कानशिलात कोणी लगावावी तसं झालं. ती तडक होडीवर गेली, तांदूळ घेतला, आपल्या पिशवीतली सुती साडी घेतली आणि स्वतःच्या हाताने दोन्ही चटईखालून आत सरकवली.

"ठेवा, पोरं उपाशी आहेत," आतून आवाज आला. मग, "आपा, एक कराल? उद्या रांगेसमोर सांगा, लालबानू दोनदा आली नव्हती. माझा नवरा ढाक्याला रिक्षा ओढतो. इथली माणसं तिथे जातात-येतात. तुमचा शब्द सगळे मानतात."

"सांगते. नक्की सांगते."

दुसऱ्या दिवशी रांग लागली. एकच वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यात गावातून मदतवाटपाचे मोठे साहेब आले, म्हणाले, "आपा, तुमच्यासारखी शिस्त दुसऱ्या कुठल्या बांधावर नाही बरं." दिलआफरोजच्या मनात आलं, आत्ता चूक कबूल केली तर परत पाठवलेल्या सगळ्याच येऊन भांडतील. उद्या सांगू. लालबानू नव्या साडीत रांगेत होती. तिने आपला वाटा घेतला, पण ती गेली नाही. शेवटचं पोतं रिकामं होईपर्यंत ती बाजूला पावसात उभी राहिली. दिलआफरोजने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

त्यानंतरही दोन दिवस ती तशीच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दिसली नाही. बायका तिला 'दोनदावाली' म्हणून हाक मारायला लागल्या होत्या. ती मुलांना घेऊन ढाक्याला निघून गेली.

पाणी ओसरलं. मोतालेबने घाटावर चहाचं दुकान टाकलं आणि हिरव्या साडीचा किस्सा वर्षानुवर्षं रंगवून सांगितला. दिलआफरोज समोर बसून चहा प्यायची. तिने त्याला एकदाही थांबवलं नाही. तिकडे लालबानूच्या आधी तिचं 'दोनदावाली' हे नाव ढाक्याला पोचलं होतं. नवऱ्याने तिला घरात घेतलं, पण चार लोकांत तिला चोर म्हणायचं सोडलं नाही. दोन वर्षांनी तिने वेगळी खोली घेतली, धुणीभांडी करून मुलं वाढवली. नदीने नवं बेट वर काढलं, दिराने तिच्या वाटणीची जागा राखली, तरी ती परतली नाही. मोयना त्या बेटावर झोपडी बांधून राहिली आणि तिथेच वारली.

दिलआफरोज मुख्याध्यापिका झाली, निवृत्त झाली. मोयना जाण्याआधी दोन वर्षं तिला बाजारात भेटली होती. तेव्हा तिने मोयनाचा हात धरून म्हटलं, "चूक माझी होती. लालबानू दोनदा आली नव्हती."

"ते मला माहीतच आहे की, आपा," मोयना म्हणाली. "ज्यांना सांगायचं होतं, ते आता कुठे सापडायचे?"

आणि तिने आपली भोपळ्याची टोपली उचलली.