पान्याचा वळ

उल्काने विलासकाकांच्या कानशिलात लगावली, तेव्हा बस डेपोतल्या दोन्ही रॅम्पवरचं काम थांबलं. ती बाबांची हत्यारांची पेटी न्यायला आली होती. पेटीवर आगीच्या चौकशीच्या अहवालाची प्रत होती. शेवटची ओळ : चालू इंजिनाच्या गॅसपाइपचा नट मृत हरिदास यांनीच सैल केला. साक्षीदार, विलास.

"बाबांनी? बाबांनी नट सैल केला?"

"मॅडम, छोड़िए," कुणीतरी तिचा दंड धरला. तिने हिसडा देऊन दुसरी लगावली. काकांचा चष्मा रॅम्पखालच्या खड्ड्यात पडला.

बावीस वर्षं बाबा आणि काका शेजारी राबले होते. डिझेलच्या काळात इंजिन मिसिंग मारू लागलं, अडखळू लागलं की एकेका नोझलचा नट सैल करून बघायचे. ज्या नटाने आवाज बदलत नाही, त्याचा सिलिंडर मेलेला. गॅसच्या बसेस आल्या आणि तीच सवय जीवघेणी झाली. इथे नोझलची वायर काढून बघायचं. नट फिरवला, की तापलेल्या एक्झॉस्टवर गॅसचा फवारा. डोक्याला हे कळलं तरी हाताला कळत नसे. म्हणून चालू इंजिनाच्या नटाकडे हात गेला की हरिदास न बोलता बोटांवर पाना हाणायचे. असा वळ न मिळालेला मेकॅनिक डेपोत नव्हता.

काकांच्या उजव्या हाताला मळकं बँडेज होतं.

"हे काय झालं?"

"पळताना पडलो, बेटा."

तिने बँडेज ओढून काढलं. काका कळवळले. दोन बोटांवर, सरळ रेषेत, काळानिळा वळ. भाजल्याची खूण कुठेच नव्हती.

"उशीर झाला होता हरिदासला," काका खाली बघत म्हणाले. "नट फिरला होता माझ्या हातून. पाना हाणला, मग लाथ घालून मला बाहेर फेकलं. 'मर तिकडे, विल्या,' म्हणाला. आणि स्वतः टाकीच्या व्हॉल्व्हकडे गेला. अंगावर जाळ, तरी फिरवत राहिला यार, पूर्ण बंद होईपर्यंत. माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. म्हटलं, तो तर गेलाच."

पेटीत वरच तो पाना होता, जळून काळा पडलेला. तिने तो उचलला. काकांनी आपणहून हात कामाच्या पत्र्याच्या बाकावर ठेवला आणि डोळे मिटले.

पाना बोटांपासून वीतभर अंतरावर आदळला. पत्रा खोल चेपला.

तिने अहवाल उलटा केला. "लिहा."

"डाव्या हाताने..."

"उजव्या."

बोटं वाकत नव्हती. 'नट मी' एवढं लिहून ते कागदावर अगदी ओणवे झाले. पंख्याने कागद फडफडत होता. उल्काने त्याच्या कोपऱ्यावर पाना ठेवला, आणि चष्मा आणायला ती खड्ड्यात उतरली.