डिकीच्या मापाचा बॉक्स

दणक्याची गाडी मी लांबूनच ओळखली, पण चालवणारा दणका नव्हता. स्टिअरिंगला छाती टेकवून, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून एक वयस्कर गृहस्थ ती इंचाइंचाने माझ्या कार-स्पीकरच्या दुकानात आणत होते. मी हातातलं काम ठेवून पुढे झालो आणि त्यांना ब्रेक लावायला सांगितलं, नाहीतर ते थेट माझ्या करवतीच्या टेबलावर आले असते.

"वूफर तुमच्याकडे ठेवलेत म्हणे," खाली उतरून ते म्हणाले. "आमच्या पोराचे."

ठेवलेले होते खरे. दणका एसी बसवायची कामं करायचा. त्याला गाण्यातले शब्द नकोत, सूर नकोत, नुसता बेस हवा, म्हणून मित्रांनी ठेवलेलं ते नाव. दोन मोठे वूफर त्याने स्वतः निवडून माझ्या फळीवर आणून ठेवले होते आणि ते बसवायला डिकीत कसा लाकडी बॉक्स हवा ते हातवारे करून सांगून गेला होता. "दादा, कानाला नाही कळलं तरी चालेल, पाठीला कळलं पाहिजे." पुढच्याच आठवड्यात काम करताना तो शिडीवरून पडला. डोक्यावरच पडला. मी दवाखान्यात जाऊन आलो होतो, पण बाहेरच्यांना आत सोडत नव्हते.

"शुद्धीवर आला का?" मी विचारलं.

"डोळे उघडतो. घरी सोडतील तेव्हा गाडी तयार हवी, मिस्त्री. आल्या आल्या पहिलं हेच विचारणार तो."

"काका, घाई काय आहे? तो आला की त्याला समोर बसवूनच करू. त्याची आवड वेगळी असते."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग मी काय करू?" रस्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं. "तिथे संध्याकाळी एकदा भेटू देतात. बाकी दिवसभर मी काय करू?"

मी मापाचा टेप काढला आणि डिकी उघडली.

काका शिंपी होते. दुकान त्यांनी बंदच ठेवलं होतं. हातात कापड घेतलं की डोळ्यांपुढे दुसरंच काही येतं, म्हणाले. रोज दुपारी यायचे आणि माझ्या स्टुलावर बसायचे. माप घेताना टेपचं दुसरं टोक धरायचे. फळ्या कापायला लागलो की भुसा उडायचा, तर नाकाला रुमाल बांधून तिथेच बसून राहायचे. बाहेर बसा म्हटलं तरी उठायचे नाहीत.

"आम्ही बोटभर सैल ठेवतो," ते एकदा म्हणाले. "माणूस वाढतो."

"इथे सैल चालत नाही, काका. फटीतून हवा गेली की आवाज फुसका निघतो. डिकी जशी असेल तसा बॉक्स. हा दुसऱ्या कुठल्या गाडीत बसायचा नाही."

"त्याच्या एकट्याचाच," ते म्हणाले, आणि त्यांना ते फार आवडलं.

त्या गाडीच्या डिकीला दोन्ही बाजूंनी चाकांची पोटं आत आलेली होती. त्या गोलाईवर बॉक्स बसवणं जिकिरीचं. मी पुठ्ठा कापून, लावून, पुन्हा कापून साचा काढला. कडांना गोंद, मग स्क्रू, मग आतून प्रत्येक सांध्यावर गोंदाचा हात. वरून काळं कार्पेट चढवायची वेळ आली तेव्हा काकांनी घरून स्वतःची कात्री आणली. माझी कात्री त्यांनी बोटांत धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. कोपऱ्यावरची घडी त्यांनी अशी दाबली की जोड कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं. त्या दिवशी ते चहा प्यायले आणि दणका लहानपणी शिवणयंत्राखाली झोपायचा, यंत्र थांबलं की जागा व्हायचा, ते सांगत बसले.

ते गेल्यावर थोड्या वेळाने काकूंचा फोन आला. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

"ते निघाले का?" त्यांनी विचारलं. निघाले म्हटल्यावर म्हणाल्या, "डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलंय. बोलणं येईल याची खात्री नाही. चालणं नाहीच. ह्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि जिन्यात मला म्हणाले, मिस्त्रींकडे उशीर होतोय."

"मी काम थांबवू का, काकू?"

"थांबवलंत तर ते कुठे जातील?"

मी म्हटलं, बरं. फोन ठेवून मी बॉक्ससमोर उभा राहिलो. चांगला झाला होता. बायकोला रात्री जेवताना सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, तुम्ही तर त्यांना सोबत केलीत." पण ती सोबत होती की मी त्यांना खोट्या आशेवर बसवून ठेवलं होतं, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

शेवटी बॉक्स डिकीत उतरवला. खटका न होता बसला. तारा जोडल्या, काकांना पुढच्या सीटवर बसवलं आणि आवाज हळूहळू वाढवला. त्यांच्या सदऱ्याची गुंडी थरथरायला लागली. ते खाली वाकून तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"पाठीला कळतंय," ते म्हणाले.

दणक्याला घरी सोडायच्या दिवशी त्यांनी मलाही बोलावलं. बटणं मला कळत नाहीत, म्हणाले. मी माझा टेम्पो घेऊन गेलो. दवाखान्याच्या दारात काका गाडी पुसत उभे होते. थोड्या वेळाने वॉर्डबॉय चाकाची खुर्ची ढकलत बाहेर आला, मागे हातात पिशव्या घेऊन काकू. खुर्चीत दणका होता. केस काढलेले, मान एका बाजूला, गळ्याशी घडी घातलेला टॉवेल. मी "काय दणका" म्हटलं. त्याची नजर माझ्यावरून सरकून मागच्या भिंतीवर गेली.

त्याला पुढच्या सीटवर बसवायला आम्ही चौघं लागलो. मग वॉर्डबॉयने खुर्चीची घडी घातली, ती उचलून मागे नेली आणि डिकी उघडली.

डिकीत जागा नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत आमचा बॉक्स होता, काळाभोर, एकही सुरकुती नसलेला. वॉर्डबॉयने खुर्ची आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. "हे काढावं लागेल," तो साधेपणाने म्हणाला. मागची सीट पिशव्यांनी, गादीने आणि काकूंनी भरली होती.

काका खुर्चीचा दांडा हातात धरून उभे होते. इतके दिवस आम्ही दोघांनी मिळून ती डिकी मापली होती, आणि तिच्यात आणखी काही ठेवावं लागेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला तरी यायला हवं होतं. काकूंनी मला सांगितलंच होतं.

"खुर्ची माझ्या टेम्पोत टाकतो," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. मग खाली बघत हळूच म्हणाले, "निघायच्या आधी एकदा लावता का? अगदी बारीक."

मी खिडकीतून हात घालून लावलं. अगदी बारीक. मला स्वतःला जेमतेम ऐकू येत होतं. पण बेस सीटमधून वर चढला असणार, कारण दणक्याचं अंग ताठ झालं. त्याचा एक हात जरा चालायचा, तो कानाकडे उचलला गेला, तिथवर पोचला नाही, आणि त्याच्या घशातून लांब, एकसुरी आवाज निघू लागला. मी ताबडतोब बंद केलं. तरी तो आवाज थांबेना. काकू मागून त्याच्या खांद्यावर हात फिरवत राहिल्या. काका टॉवेलने त्याचं तोंड पुसत म्हणत होते, "बंद केलं रे, बंद केलं. नाही लावत."

दोन दिवसांनी ते एकटेच गाडी घेऊन आले. मी विचारायच्या आत डिकी उघडून बाजूला झाले. स्क्रू सोडवायला वेळ लागला नाही. बॉक्स दोघांनी उचलून बाहेर काढला.

"कुणाला उपयोगी पडला तर देऊन टाका," ते म्हणाले. तो दुसऱ्या कुठल्या गाडीत बसणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी मान डोलावली आणि तो भिंतीशी लावून ठेवला.

मला वाटलं, आता ते येणार नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात गाडी दारात उभी राहिली. या वेळी दणका पुढे बसलेला होता आणि खुर्ची डिकीत होती.

"खडखडतंय काहीतरी," काका म्हणाले. "खड्डा आला की त्याला त्रास होतो. ओरडतो."

मी खुर्चीच्या चाकांना फोम गुंडाळला. उरलेलं काळं कार्पेट डिकीच्या तळाला चिकटवलं. स्टेपनी आवळली, दरवाजांच्या आत भरण घातलं, सीटखालच्या पट्ट्या बांधल्या. मग मागच्या सीटवर बसलो आणि काकांना म्हटलं, चला, एक फेरी मारू.

काका गाडी अजून तशीच चालवत होते, छाती पुढे, हात घट्ट. आम्ही बाजारामागच्या उखडलेल्या रस्त्याने गेलो. मी कान देऊन ऐकत होतो. गाडीतला कसलाही आवाज शोधून काढणं हा माझा धंदाच आहे. काहीही वाजत नव्हतं. एवढी मुकी गाडी मी आजवर केली नव्हती.

तरीही वळणावर दणक्याचा हात कानाकडे उचलला गेला आणि तो ओरडायला लागला.

काकांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. एका हाताने त्यांनी पोराचा हात धरला आणि आरशात माझ्याकडे पाहिलं.

"कुठून येतोय, मिस्त्री?"

"बघतो, काका," मी म्हटलं, आणि खाली उतरून, नुकत्याच भरलेल्या त्या दरवाजावर उगाचच बोटं वाजवून पाहू लागलो.