खडकाची खूण

झाला प्रकार मोबाइलवर लिहून काढायचं बारक्याच्या जिवावर आलं होतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पण वेल्डरला तोंडावर सांगून झालंय, आता लपवायचं कुणापासून?

वेल्डर म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त. वेल्डरच्या वडिलांनी समुद्रात एक खडक हुडकला होता. किनाऱ्यावरची पाण्याची टाकी कारखान्याच्या धुराड्याच्या आड गेली आणि धक्क्यावरचा दिवा टेकडीच्या टोकाशी आला, की बरोबर होडीखाली खडक. मासे हमखास. वडील गेल्यावर ही खूण एकट्या वेल्डरला ठाऊक. गेल्या वर्षी त्याने बारक्याला तिथे नेलं. "यंत्रात भरायचं नाही हां," एवढंच म्हणाला. बारक्याने मान डोलावली, आणि वेल्डर खाली वाकून गळाला आमिष लावत असताना आपल्या यंत्रावरचं जीपीएसचं बटण दाबून जागा साठवली. का? हात शिवशिवले, बस.

शनिवारी बारक्याने नवा फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, घेतला. जुन्याचा पडदा उन्हात दिसायचाच नाही. दुकानदाराने तीन यंत्रं फुटपाथवर भर उन्हात मांडली, बारक्याने सगळ्यात स्पष्ट दिसणारं उचललं आणि जुनं बदल्यात दिलं. घाईघाईत होडीवर सेन्सर बसवला, इंजिनाच्या पंख्यापासून लांब, नाहीतर ते बुडबुड्यांनाच मासे समजतं. चालू केलं. नकाशा कोरा. एकही खूण नाही.

खुणा जुन्यातच राहिल्या!  तसाच दुकानात पळाला.

"माझं जुनं मशीन?"

"गेलं की तासाभरात. लाल होडीवाल्या काकांनी नेलं. का, करमत नाही का त्याच्याशिवाय?"

"त्यातल्या खुणा पुसल्यात ना?"

"मी कशाला पुसू? त्या बघूनच तर काका खूश झाले."

काकांना सात फोन केले. एकही उचलला नाही.

रविवारी सकाळी वेल्डर डबा घेऊन धक्क्यावर हजर. बारक्या म्हणाला, "आज दुसरीकडे जाऊ ना."

"का रे? नवीन यंत्राला खडक बघवत नाही?"

"वारा आहे."

"कुठाय वारा? पान हलत नाहीये."

निघाले. सुकाणू वेल्डरच्या हातात होतं. टाकी धुराड्याकडे सरकत होती आणि समोर, ऐन खडकावर, लाल होडी. काकांनी हात उंचावला, "या, या! जागा भरपूर आहे!"

वेल्डरने इंजिन बंद केलं. "हे इथे कसे?"

बारक्याने सगळं सांगितलं. बटण, अदलाबदल, फोन. एका दमात.

 वेल्डर म्हणाला, "बाबांनी सख्ख्या भावाला नाही सांगितलं रे. आणि तू दुकानात देऊन आलास?"

"काकांकडून पुसून घेतो. हात जोडतो."

"त्यांच्या डोक्यातून कसं पुसशील, गाढवा?" त्याने पुन्हा इंजिन चालू केलं आणि होडी उलटी वळवली. "तुझं हे नवीन खेळणं खडक दाखवतं ना? की नुसतेच बुडबुडे?"

"दाखवतं."

"मग?"

"दर रविवारी येतो," बारक्या म्हणाला. "दुसरा खडक सापडेपर्यंत. सापडला की सुकाणू माझ्याकडे दे. दोन्ही हात त्याच्यावर ठेवतो, तू किनाऱ्यावरच्या खुणा बघ. बटणाला बोट लावणार नाही. शब्द देतो तुला."