बाराव्या पॅचमधली ओळ

पुण्याहून अबू धाबीला येऊन कुशलला साडेपाच महिने झाले होते. हॉस्पिटलांतल्या पेशंट मॉनिटरचा कर्नल, म्हणजे मशीनच्या पोटातलं मूळ सॉफ्टवेअर, सांभाळणाऱ्या कंपनीत तो प्रोबेशनवर होता. गुरुवारी कन्फर्मेशनची मीटिंग होती आणि दाखवायला हातात एकच काम होतं: मेमरी सांभाळणाऱ्या जुन्या कोडची साफसफाई. बारा पॅच, म्हणजे कोडमधले बारा सुटे बदल, चारशे ओळी कमी, कामात फरक शून्य. स्वारी भलतीच खूश होती.

सोमवारी रिव्ह्यू आला. अकरा पास, बारावा नापास.

रिव्ह्यू झुबेदा आपांचा होता. आपा मूळच्या म्हसळ्याच्या, आता खलिफा सिटीत. कंपनीत सगळ्यांत जुन्या. त्यांची वाचायची तऱ्हाच उलटी. लोक नवीन ओळी तपासतात, या मात्र काढून टाकलेल्या ओळी आधी वाचायच्या, एकेक करून, गेलेल्या माणसाची चौकशी करावी तशा. कुशल तणतणतच त्यांच्या टेबलाशी गेला.

"आपा, ती ओळ रिडंडंट आहे. तोच चेक वर दोनदा झालाय. आणि शेजारी कॉमेंट बघा ना, काढा म्हणून लिहूनच ठेवलंय कोणीतरी."

"काय लिहिलंय?"

कॉमेंट मराठीतच होती, पण इंग्रजी अक्षरांत: एम ए जी, के ए डी एच.

"मग काढ," कुशल म्हणाला. "म्हणजे नंतर काढून टाक. मी टाकली."

आपा इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या दोघांनी हेडफोन काढले.

"अरे बाबा, मीच लिहिलंय ते, बारा वर्षांपूर्वी. मग नाही रे, माग! माग काढ!"

कुशलचा चेहरा उतरला. कर्नल मेमरी पानापानांनी वाटतो. एकाचं काम झालं की ते पान दुसऱ्याला. पंगतीत जेवणारा उठायच्या आत पान उचलू नये, एवढाच नियम, आणि ती ओळ शेवटच्या क्षणी तेवढंच बघत होती.

"तेव्हा एक पान कोणीतरी धरून ठेवायचं," आपा म्हणाल्या. "कोण ते सापडेना, रिलीज डोक्यावर. म्हणून हा चेक घातला, स्वतःलाच चिठ्ठी लिहिली आणि यल्ला, चला, पुढच्या कामाला लागले. माग काही काढला नाही."

ओळ गेली असती तर एखाद्या पेशंटच्या हृदयाच्या आलेखावर भलतेच आकडे उमटले असते.

"बारावा मागे घे. अकरा पास आहेत, गुरुवारचं भागेल तुझं," आपा म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत पुढे म्हणाल्या, "किंवा दोन दिवस आहेत."

कुशल दोन दिवस त्या पानाच्या मागे लागला. रीम बेटावरच्या घरी बायको, अवनी, त्याच्याशी बोलायची आणि तो "हं" म्हणायचा. बुधवारी दुपारी चोर सापडला. हृदयाचा आलेख काढणारा एक जुना तुकडा "झालं" असं सांगून मोकळा व्हायचा आणि पान मात्र सोडायचा नाही. तुकड्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं. कुशलने ते तीनदा वाचलं आणि जड पावलांनी आपांकडे गेला.

"आपा, सापडलं. पण ते... तुमच्याच कोडमध्ये आहे."

आपांनी स्क्रीन जवळ ओढली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! बारा वर्षं माझ्या नाकाखाली होतं की रे हे!"

त्यांना खरोखर आनंद झाला होता. चूक निघाली की खापर फोडायला डोकं शोधणारे साहेब कुशलने पुण्यात पोत्याने पाहिले होते. स्वतःची चूक सापडली म्हणून असं खुलणारं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता, आणि त्याला त्या क्षणी आपांच्या पाया पडावंसं वाटलं.

तासाभरात सगळ्या ऑफिसला आपांची मेल गेली. चूक माझी, बारा वर्षांची. कुशलने माग काढला, मूळ दुरुस्त केलं, त्या ओळीची आता गरजच नाही. बाराही पॅच आता पास. कर्नलमध्ये इतकं नेटकं काम मी फार दिवसांत पाहिलं नाही.

कुशलने ती मेल दोनदा वाचली. त्याने कॉमेंट चुकीची वाचली होती, विचार न करता ओळ काढायला निघाला होता, यातलं अक्षरही तिच्यात नव्हतं. आपांनी आपलं सगळं मांडलं होतं आणि त्याचं झाकलं होतं.

मग त्याने सगळ्यांना उत्तर लिहिलं: "ही ओळ मी निरुपयोगी समजून काढली होती. झुबेदा आपांनी अडवलं नसतं, तर मॉनिटर बिघडले असते. ती चूक माझी." आणि पाठवून दिलं.

पलीकडून आपांची खुर्ची करकरली.

"वेडा की काय रे तू?" त्या उभ्या राहून म्हणाल्या. "उद्या कन्फर्मेशन आहे ना तुझं!"

"माहितीय, आपा," कुशल म्हणाला.