उन्हाचा आणि वाघिणीचा एकच मेसेज

नव्या वनरक्षकांना एआय जबाबदारीनं वापरायला शिकवा, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मी वनपाल आहे, कॉम्प्युटरवाली नाही." साहेब म्हणाले, "म्हणूनच." साहेब लोकांची उत्तरं अशीच असतात, पुढं बोलायला जागा ठेवत नाहीत.

आलापल्लीच्या पुढं आमचं छोटं प्रशिक्षण केंद्र आहे. एप्रिलमध्ये तिथं पोरं-पोरी शिकायला आली होती. अहवाल, पत्रं, गावांसाठीच्या सूचना मोबाईलवरच्या एआयकडून लिहून घ्यायला त्यांना मुभा होती. मी एकच अट घातली. गावाला जाणारा मजकूर आधी मला मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच पाठवायचा. पोरं एकमेकांकडं बघून हसली. नंदिनी मॅडम जुन्या वळणाच्या आहेत, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे.

त्यांच्यात प्रफुल सगळ्यात चलाख. कोरपन्याकडचा, कापसाच्या मुलखातला, इंजिनिअरिंग करून या नोकरीत आलेला. हुशार पोरांचा मला राग येत नाही, त्यांच्या घाईचा येतो.

कोसमटोला हे गाव आम्ही त्याच्याकडं दिलं होतं. गावाला लागून असलेल्या नाल्यात वाघीण पिल्लं घेऊन बसली होती, आणि हंगाम मोहफुलांचा. फुलं रात्रभर गळतात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. उशीर केला की गुरं आणि हरणं झाडाखाली फडशा पाडून जातात. आणि वेचायचं तर वाकूनच वेचावं लागतं. अंधुक उजेडात वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखंच दिसतं. म्हणून गावानं बैठक घेऊन ठरवलं होतं की ऊन पडल्याशिवाय मोहाखाली कोणी जायचं नाही. रोजचं नुकसान सोसून गाव ते पाळत होतं. मला त्या गावाचं फार कौतुक वाटायचं.

त्या दिवशी वरून उष्णतेच्या लाटेची सूचना आली. मी डेपोत लाकडांचं माप घेत होते. प्रफुलनं एआयला सांगितलं, उन्हाचा आणि वाघिणीचा मिळून एकच मेसेज करून दे. त्यानं झकास करून दिला. सायंकाळनंतर जंगलात जाणे टाळावे, आणि उष्णता लक्षात घेता जंगलातील कामे पहाटे लवकर आटोपून घ्यावीत. खाली 'आदेशानुसार'. कोणाचा आदेश, ते नव्हतं. प्रफुलनं शुद्धलेखन तपासलं आणि मला न दाखवता गावाच्या ग्रुपवर सोडून दिला.

संध्याकाळी मी तो वाचला आणि प्रफुलला समोर बोलावलं.

"मॅडम, दोन्ही गोष्टी बरोबर आहेत ना," प्रफुल म्हणाला. "मी चेक केलं होतं."

"वेगवेगळ्या बरोबर आहेत. एकत्र करून तू बायांना वाघिणीच्या तोंडी धाडून राह्यला!"

मोह कसा वेचतात हे त्याला माहीत नव्हतं. एआयला त्यानं मोहाबद्दल विचारलंच नव्हतं, तर ते बिचारं काय सांगणार?

मी लगेच दुरुस्तीचा मेसेज टाकला. कोसमटोल्यात फक्त शाळेजवळ रेंज मिळते, तिथं आलेली पोरं पहिला मेसेज वाचून केव्हाच घरी गेली होती. वन समितीचा अध्यक्ष कोलू, त्याचा फोन लागेना. आमची जीप वणवा विझवायला गेलेली, आणि त्या रस्त्यानं अंधारात मोटारसायकल न्यायला बंदी. जीप आली तेव्हा कोंबडे आरवत होते.

गावात पोचलो तर कोलू दारात दात घासत उभा होता.

"बाया कुठी आहेत, कोलूभाऊ?"

"गेल्या ना मोहाले. तुमचाच तं मेसेज आला, पायटे जा म्हनून."

"अन् बैठकीत ठरलं होतं ते?"

"ठरलं होतं. पन वरूनच सांगतलं तं आमी काऊन अडवाव?"

कोलू, ड्रायव्हर, प्रफुल आणि मी आरडाओरडा करत रानात शिरलो. बाया टोपल्या सावरत बाहेर आल्या. एक कमी होती. गुणाबाई. तिचा मोह नाल्याच्या काठावर.

गुणाबाई झाडाला पाठ लावून ताठ उभी होती, टोपली छातीशी धरून. आम्हाला बघूनही तिनं मान हलवली नाही. नाल्यापलीकडं वाघीण उभी होती. प्रफुल पुढं धावायला निघाला, मी त्याला कॉलर धरून मागं ओढलं. आम्ही चौघं एकमेकांना चिकटून मोठमोठ्यानं बोलत गुणाबाईपर्यंत सरकलो. काय बोललो ते आता आठवत नाही. वाघिणीनं आमच्याकडं बघितलं आणि ती गवतात निघून गेली.

तेव्हा कुठं गुणाबाई खाली बसली. मी तिला पाणी पाजलं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी प्रफुलच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. बाईला सुखरूप घरी नेलं. अंगणात टेकल्यावर तिनं विचारलं, "मेसेज कोनं लिवला?"

प्रफुलनं माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दामच तिच्या टोपलीतली फुलं सारखी करू लागले.

"एआयनं..." तो अडखळला. "नाई, बाई. मीच पाठवला. मॅडमले न दाखवता."

तिनं त्याला नीट न्याहाळलं. शिव्या देईल असं मला वाटलं, खरं सांगायचं तर द्याव्यात असंही वाटलं.

"मंग नाव काऊन नाई टाकलं बाबू? काल नातीनं वाचून दाखवलं तं मी म्हटलं, वाघीन अस्ताना पायटे कशी जाऊ, इचार कोनाले तरी. नात म्हने, आजी, इचारू कोनाले? इथी कोनाचंच नाव नाई."

प्रफुल मोबाईल घेऊन शाळेजवळ गेला. एआयकडूनच पुन्हा मजकूर करून घेतला, या वेळी मोह, बैठक, नाला, सगळं सांगून. परत येऊन तो त्यानं गुणाबाईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं एक ओळ बदलायला लावली, 'एकटं जाऊ नका' आधी घे म्हणाली. मग खाली पुन्हा आलेलं 'आदेशानुसार' खोडून त्यानं स्वतःचं नाव आणि नंबर टाकला, आणि मला दाखवून शाळेजवळून पाठवला.

गुणाबाईनं नातीला बोलावून तो नंबर फोनमध्ये भरून घेतला.

"पायटे शाळेपाशी येऊन फोन केला तं उचलशीन ना?" तिनं विचारलं.

"उचलीन, बाई."