गोधड्यांचा डोह

१९३७ सालचा चैत्र होता. नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावी नदीत एक खोल डोह होता आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंना, गोजरबाईंना, तो पोहून पार करायचा होता. पण दळण, सडा, भाकरी, गुरं यांतून वेळ कुठला? शेवटी त्यांना सुचलं: गोधड्या! धुतलेल्या गोधड्या वाळेपर्यंत नदीवर राखणीला बसावंच लागतं.

मग काय, कासोटा घट्ट खोचून, पाठीला वाळका भोपळा बांधून जाऊबाई डोहात आणि मी काठावर.

"काऊन हसून राह्यली वं विमल? पाय हालतात ना माहे?"

"भोपळाच दिसते जाऊबाई, तुमी कुठी हाय?"

सणावाराला धुवायच्या गोधड्या आम्ही दर आठवड्याला धुऊ लागलो, तिथंच चुकलं. गावात कुजबुज सुरू झाली, की या घरात कोणी मोठं माणूस अंथरूण ओलं करतं. संशय सासऱ्यांवर! सासूबाई त्यांना त्यावरचा उपाय म्हणून रोज रात्री काळे तीळ आणि गूळ चारू लागल्या.

"मले काऊन चारून राह्यली हे?"

"मुकाट्यानं खा! गावात तोंड दाखवाले जागा नाही राह्यली."

कारण कळल्यावर सासरे भडकले. "माही गोधडी कोरडी असते! नदीवर जाऊन पाह्य, सुना काय धुतात ते!"

सासूबाई नदीवर आल्या, तेव्हा जाऊबाई पहिल्यांदाच भोपळ्याविना डोहाच्या मधोमध होत्या.

"गोजरे!"

जाऊबाई दचकल्या, नाकातोंडात पाणी गेलं. त्या मागं वळू लागल्या. आता परत आल्या, की नदी कायमची बंद!

"मांगं काऊन वळतं?" सासूबाई ओरडल्या. "पल्याड जवळ हाय! पाय मार वं, पाय!"

जाऊबाईंनी असे पाय झाडले, की पाणी आमच्या अंगावर! पल्याडच्या खडकावर चढून त्यांनी दोन्ही हात वर केले. सासूबाई ओल्या गोधडीवरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

"म्हाताऱ्याले फुकटच तीळ चारले की वं! बरं, पुढच्या खेपेले मले बी घेऊन चाल."

सासरे चार वर्षांनी गेले. सासूबाई पुढं पुष्कळ जगल्या. भोपळा बांधून गळ्याइतक्या पाण्यात उतरत, पण पाय कधी उचलले नाहीत. गोजरबाईंनी गावातल्या कितीतरी लेकीसुना पोहायला शिकवल्या. गेल्या पौषात त्या गेल्या. मी मलकापूरला मुलाकडं असते. पोहणं मला जमलं नाही. पन्नाशीत मी पेटी शिकले, रोज दुपारी घर सुनेच्या हवाली करून.